आण्णांचे सहा दिवस

आण्णांचं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत असतं. पिशवीला रबरबँड, रबरबँडात अडकवलेलं बॉलपेन. महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास ते पासबुक भरून आणतात आणि संध्याकाळी सोप्यात बसून एकेका नोंदीवर पेनानं टिंब देत हिशेब जुळवतात. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात चौतीस वर्षं त्यांनी माणसांची हजेरी मांडली. एक नोंद चुकली तर कुणाच्या तरी घरचा पगार अडतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे.

एका उन्हाळ्यात, एका महिन्यात, ते पासबुक भरायला गेलेच नाहीत. मीच म्हणाले, "द्या इकडं, येताना भरून आणतो." (आमच्या कोल्हापुरात बायकाही 'आणतो', 'जातो'च म्हणतात.)

"आसू दे. मशीन बंद हाय त्यांचं."

मी लक्ष्मीपुरीत एका सहकारी बँकेच्या काउंटरला बसते. एकवीस वर्षं झाली. काउंटरपलीकडचा दुसरा कुणी असं म्हणाला असता तर मला शंका आली असती. आण्णांची आली नाही. त्यांचं पेन्शनचं खातं दुसऱ्या बँकेत, त्यामुळं मला काही दिसतही नव्हतं. दोन दिवसांनी आईच म्हणाली, "गंगावेशीला गेले न्हाईत गुरुवारपासनं. जेवायला बी नकोच म्हणतात."

गंगावेशीच्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी आणून डोळ्यांसमोर दूध काढून देतात. फेसाळलेला ग्लास तिथंच उभं राहून प्यायचा. तालमीत जायच्या वयापासून आण्णांचा तो नेम आहे. समोर पिळलेलं दूध, त्यात पाणी कुठून येणार, असं ते नेहमी सांगतात. सलग सहा दिवस ते तिकडं फिरकले नव्हते.

त्या बुधवारी रात्री मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग उठले, कपाट उघडलं, धोतरांच्या घडीखालून आपला मोबाइल काढला आणि माझ्या हातात दिला. "हे बघ," एवढंच म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला त्यांना मेसेज आला होता. मागच्या महिन्याचं वीजबिल सिस्टिममध्ये अपडेट नाही, आज रात्री ९.३० वाजता तुमची वीज तोडली जाईल, ताबडतोब अमुक अधिकाऱ्याशी संपर्क साधा. खाली साधा दहा आकडी मोबाइल नंबर.

त्या साडेनऊचा मी नंतर पुष्कळ विचार केला. ती वेळ फार मोजून निवडलेली आहे. मेसेज येतो तेव्हा ऑफिसं बंद झालेली असतात. खरं-खोटं करायला कुठं जावं तर दार बंद. आणि मध्ये दोन-अडीच तास, म्हणजे घाबरायला पुरेसे आणि शांतपणे विचार करायला अपुरे. मी त्या दिवशी इचलकरंजीला एका लग्नाला गेले होते. घरी ते दोघंच. आईला दम्याचा त्रास आहे आणि रात्री नेब्युलायझर लावावा लागतो. वीज गेली तर हिचं काय, हा एकच विचार आण्णांच्या डोक्यात होता. माणूस हावरटपणामुळं फसतो असं आपण सरसकट म्हणतो. आण्णा बायकोच्या काळजीनं फसले.

फोनवरचा माणूस अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलत होता, आणि फार अदबीनं. बिल तुम्ही भरलंय हे आम्हाला दिसतंय अंकल, फक्त अपडेट राहिलंय, दहा रुपये भरले की झालं. त्यानं व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली. ती आण्णांनी दाबली. अनोळखी ठिकाणाहून आलेलं ॲप आहे असं फोननं बजावलं, त्यावर तो म्हणाला, ते सगळ्यांनाच येतं, पुढं चला. मग ॲपनं मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. पुढच्या पानावर कार्डाचे सोळा आकडे, मुदत, मागचे तीन आकडे. दहा रुपये भरायचे म्हणून त्यांनी सगळं नीट चष्मा लावून भरलं.

सातव्या मिनिटाला खात्यातून १८,००० रुपये गेले.

"मी ओटीपी कुणाला सांगितला न्हाई," आण्णा मला पुन्हा पुन्हा सांगत होते. "शप्पथ सांगतो, कुणालाबी न्हाई."

ते खरं होतं. आमच्या बँकेच्या भिंतीवर, एटीएमच्या दारावर, रेडिओवर, सगळीकडं आम्ही एकच वाक्य घोकून घेतलं आहे: ओटीपी कुणाला सांगू नका. आण्णांनी ते अक्षरशः पाळलं. पण ज्या ॲपला मेसेज वाचायची परवानगी मिळाली, त्याला कुणी काही सांगायची गरजच उरत नाही. ओटीपी फोनवर आला की ते ॲपच तो उचलून पलीकडं पाठवतं. लग्नपत्रिका म्हणून येणारी फाइल, आरटीओचं चलन म्हणून येणारी, शेतकरी योजनेच्या नावानं येणारी, सगळ्यांचा कारभार हाच. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके अशी तीन अक्षरं असतात, म्हणजे ती फाइल फोनमध्ये ॲप बसवते. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ. पत्रिकेला एपीके असायचं काही कारणच नाही. ही एवढी साधी खूण मी माझ्या वडिलांना कधी दाखवली नव्हती, आणि काउंटरवर दिवसाला पन्नास जणांना ओटीपीचं वाक्य ऐकवत होते.

पैसे गेल्याचा पहिला मेसेज आला तेव्हाच काय झालं ते आण्णांना कळलं होतं. त्यांनी फोन सायलेंटवर टाकला आणि कपाटात ठेवला. बंद केला नाही, कारण बंद असेल तर मी काळजीनं घरी येईन. त्या घडीखाली फोन चालू होता आणि आतलं ॲपही चालू होतं. शुक्रवारी २५,००० गेले. शनिवारी २२,५००. खात्यात सातशे चाळीस रुपये उरले तेव्हा ते थांबलं.

एकूण ६५,५००. यातला पहिला आकडा मला आजही फारसा बोचत नाही. पुढचे दोन बोचतात.

का बोचतात ते सांगते. ६ जुलै २०१७ ला रिझर्व्ह बँकेनं ग्राहकाची जबाबदारी ठरवणारं परिपत्रक काढलं. सहकारी बँकांसाठी तेच त्या वर्षीच्या डिसेंबरात आलं आणि आमच्या टेबलावरही पोचलं. त्यातलं ढोबळ सूत्र असं. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला काहीच सोसावं लागत नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, कुठं तरी मधल्या यंत्रणेत गळती झाली असेल, तर बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं की ग्राहकाचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत झळ. आणि ग्राहकाच्याच हातून चूक झाली असेल तर? तर बँकेला कळवेपर्यंत जे गेलं ते ग्राहकाचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

हे शेवटचं वाक्य पुष्कळांना माहीत नाही. आपणच चुकलोय, आता कुठल्या तोंडानं जायचं, असं समजून माणसं घरी बसतात. पण चूक आपली असली तरी कळवण्याच्या क्षणाला किंमत आहे. आण्णांनी गुरुवारी रात्री आठला बँकेच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन करून कार्ड बंद करायला सांगितलं असतं, तर १८,००० त्यांचे गेले असते. ४७,५०० वाचले असते. कार्डच बंद म्हणजे पुढचा व्यवहारच नाही. आणि झालाच असता तर तो भरून देणं बँकेवर आलं असतं.

मी त्यांना विचारलं, "आण्णा, मला का सांगितलं न्हाईसा?"

ते जमिनीकडं बघत म्हणाले, "तूच म्हनलीस न्हवं त्या दिवशी."

मला आठवायला वेळ लागला नाही. दोनेक महिन्यांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींना केवायसीच्या नावाखाली कुणीतरी फसवलं होतं. रात्री जेवताना तो विषय निघाला आणि भाकरी वाढता वाढता मी म्हणाले होते, "आख्खं आयुष्य पोरांना शिकवण्यात गेलं आणि एवढं कळू नये? आसं कोण मूर्खासारखं करतं?" आण्णा तेव्हा काही बोलले नव्हते. पण ते वाक्य त्यांनी जपून ठेवलं होतं, आणि आपली वेळ आली तेव्हा तेच त्यांच्या तोंडावर कुलपासारखं बसलं. पोरगी बँकेत, आणि बापच असा. ज्या माणसाला त्यांनी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिलाच सांगायची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

त्या रात्री मी १९३० ला फोन लावला. हा देशभरातला सायबर तक्रारीचा नंबर. आधी १५५२६० होता, मग चार आकड्यांचा केला. इथं तक्रार नोंदली की ज्या खात्यातून पैसे गेले आणि ज्या खात्यात पोचले त्या बँकांना यंत्रणेतूनच कळतं आणि रक्कम असेल तिथं अडकवून ठेवता येते. असेल तर. चोरलेले पैसे एका खात्यात बसून राहत नाहीत. काही मिनिटांत दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात जातात आणि कुठल्या तरी एटीएममधून नोटा होऊन बाहेर पडतात. म्हणून पहिला तास-दोन तास लाखमोलाचे. आमचे सहा दिवस झाले होते. फोनवरच्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं. आधार एकच, त्यांनी आण्णांना 'असं कसं केलंत' असं एकदाही विचारलं नाही. शनिवारच्या रकमेतले थोडे पैसे एका खात्यात अडकलेले सापडले. ते सुटायला तेव्हा कोर्टाचा आदेश लागायचा. बाकीचे गेले.

मला त्या दिवसांत सारखा ऑगस्ट २०१८ आठवत होता. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला तेव्हाचा. ११ ऑगस्टला, शनिवारी, चोरट्यांनी बँकेच्या एटीएम यंत्रणेसारखीच एक खोटी यंत्रणा मध्ये उभी केली. एटीएममधून आलेली पैशाची मागणी मूळ यंत्रणेपर्यंत पोचायचीच नाही, मधल्या मधे 'द्या' असं उत्तर जायचं. नक्कल केलेली कार्डं घेऊन २८ देशांत माणसं एकाच वेळी मशीनसमोर उभी होती. भारतातल्याही काही शहरांत पैसे निघाले, आणि त्यात आमचं कोल्हापूर होतं. सोमवारी १३ तारखेला आणखी जवळपास चौदा कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले. सगळे मिळून ९४ कोटींवर. इथल्या प्रत्येक बँकेत तेव्हा त्याचीच चर्चा. ज्या एटीएमवरून आपण रोज जातो, तिथं उभं राहून कुणीतरी हे केलं, या विचारानंच अंगावर काटा यायचा.

पण तेव्हा त्या बँकेला कुणी मूर्ख म्हटलं नाही. सर्व्हर होते, तज्ज्ञ होते, तरीही चोर आत शिरला, म्हणून आपण त्याला 'हल्ला' म्हणालो. हल्ला झालेल्याला आपण मदत करतो. मग चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसावर, घरात नवरा-बायको दोघंच असताना, रोज हेच काम करणाऱ्या सराईत टोळीनं जे केलं, त्याला आपण 'फसला' का म्हणतो? 'फसला' म्हटलं की दोष आपसूक फसणाऱ्याकडं जातो. काउंटरवर आता मी तो शब्द वापरत नाही. कुणी आलं की आधी खुर्ची देते, पाणी देते, आणि विचारते, "किती वाजता झालं?" बाकी सगळं त्यानंतर.

माझी स्वतःची एक चूकही यात होती. २०२० च्या ऑक्टोबरपासून नियम असा आहे की नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएमला आणि दुकानातल्या मशीनला चालतं. ऑनलाइन, परदेशी आणि टेकवून भरायचा वापर ग्राहकानं स्वतः सुरू करावा लागतो. हवा तेव्हा सुरू, नको तेव्हा बंद, मर्यादाही आपणच ठरवायची. आण्णांच्या कार्डाचा ऑनलाइन वापर मीच सुरू केला होता, महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढायला. मुंबईला जाऊन आलो आणि तो बंद करायचा राहून गेला. तो बंद असता तर त्या सोळा आकड्यांचा चोराला काही उपयोग झाला नसता.

आता आमच्या घरी काही गोष्टी बदलल्या आहेत. आण्णांच्या कार्डाच्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे असतात. बाकीचे ज्या खात्याला कार्डही नाही आणि ॲपही नाही तिथं. फोन दुकानात नेऊन पुसून घेतला, बँकेचं सगळं नव्यानं सुरू केलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं १९३० लिहिलं आहे, खाली बँकेचा कार्ड बंद करायचा नंबर. तो नंबर आम्ही कार्डाच्या मागच्या बाजूवरून उतरवून घेतला, गुगलवर शोधून नाही, कारण गुगलवर खोटे कस्टमर केअर नंबर पेरून ठेवलेले असतात. बँकांच्या वेबसाइटचे पत्तेही आता 'डॉट बँक डॉट इन' असे संपतात; ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत सगळ्यांनी तिकडं जावं असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं. आण्णांना ही खूण फार आवडली. कारखान्याच्या गेटपाससारखी आहे म्हणाले.

राधानगरी तालुक्यातल्या मावशीचं प्रकरण वेगळं. तिच्याकडं कार्डच नाही. दुधाचं बिल खात्यावर येतं आणि गावातल्या बँकमित्राकडं, म्हणजे बँकेच्या वतीनं गावात पैसे देणाऱ्या माणसाकडं, अंगठा लावून ती पैसे काढते. तिला मी दोनच गोष्टी सांगितल्या: अंगठा लावायच्या आधी मशीनवरचा आकडा नातीकडून वाचून घ्यायचा आणि पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. आधारचे ठसे एरवी लॉक करून ठेवता येतात, ते तिच्या नातीनं करून दिलं. लागेल तेव्हा उघडायचं, काम झालं की परत लॉक.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल मला फार कळवळून सांगावंसं वाटतं. आण्णांचे पैसे ज्या खात्यांमधून गेले, ती खाती कुणाची तरी खरी होती. खऱ्या आधारवर, खऱ्या फोटोवर उघडलेली. चार-पाच हजारांसाठी पोरं आपलं खातं, एटीएम कार्ड, सिम, सगळं दुसऱ्याला वापरायला देतात. मागं एकदा कॉलेजचा एक मुलगा माझ्याकडं खातं उघडायला आला. फॉर्मवर मोबाइल नंबर लिहिताना तो दोनदा काचेबाहेर बघत होता. बाहेर मोटरसायकलवर एकजण बसला होता. मी विचारलं, "हा नंबर तुझाच का रे?" तो गप्प. मी पेन बाजूला ठेवलं आणि त्याला सांगितलं, बाळा, चोराच्या पैशाची वाट तुझ्या नावावरून गेली की पोलीस आधी तुझ्या दारात येतात. तो बाहेरचा तेव्हा कुठंच नसतो. तो फॉर्म तसाच ठेवून निघून गेला. पुढं दुसऱ्या बँकेत गेला की घरी गेला, मला माहीत नाही. पण वयात आलेल्या पोराचं पहिलं खातं उघडताना आई-बापांनी एवढं एक वाक्य त्याच्या कानावर घालावं.

आण्णा महिनाभरानं पुन्हा गंगावेशीला जायला लागले. एका संध्याकाळी मी त्यांना आणायला गेले, तर ते ग्लास हातात धरून पाच-सहा जणांना सांगत होते. मेसेज कसा आला, साडेनऊ का लिहिलं होतं, एपीके म्हणजे काय. "माझं पासष्ट हजार पाचशे गेलं," असं त्यांनी आकड्यासकट सांगितलं. आवाज खाली नव्हता. "आनि त्यातलं सत्तेचाळीस मी गप बसलो म्हनून गेलं." कुणी हसलं नाही. दूध काढणारा माणूसही थांबून ऐकत होता.

त्यानंतर आठवडाभरानं रात्री दारात केएमटीतून, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बस सेवेतून, निवृत्त झालेले एक मामा उभे राहिले. कट्ट्यावरचेच. हातात रुमालात गुंडाळलेला मोबाइल. आत या म्हटलं तरी उंबऱ्याशीच घुटमळत होते. आण्णांनी त्यांना हाताला धरून सोप्यात बसवलं.

"कवा आला?" आण्णांनी विचारलं.

"दुपारी. तीनला."

"आजच?"

"आजच. बावीस हजार."

आण्णांनी घड्याळाकडं बघितलं. सव्वाआठ झाले होते. "घरात सांगितलंस?"

मामांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

"ते मागनं बघू," आण्णा म्हणाले. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी खिळ्यावरून कॅलेंडर काढून आणलं, मामांच्या मांडीवर ठेवलं आणि पेनाचं टोक लाल आकड्यांवर टेकवलं. "आधी ह्यो लाव."